जागो ना

चवथीच्या आदल्या संध्याकाळी, सहा बेचाळीसला
रायबंदरच्या धक्क्यावरचं मोजणीयंत्र मेलं.
रांगेत माटोळीची कवंडाळं, आंबाडे, सुपारीचे घोस,
दोन स्कूटरांच्या मध्ये धरलेली एक उभी केळ,
आणि पडद्यावर काळोख.
लॉगमधली शेवटची ओळ अर्धी:
चोडण, दुचाकी एक, प्रवा

प्रोग्राम माझा. म्हणून फोनही मलाच.

रात्री बेतीच्या ऑफिसात बेलार्मिन म्हणाला, मेमरी संपली.
मग तसं सांगितलं का नाही त्यानं?
सांगायलाही मेमरी लागते, सुलक्षा.
वाक्य जुळवायचं, वेळ लिहायची, फाइलीत टाकायचं,
दर वेळी चिमूटभर जागा.
ती कुठून आणणार?

मग तो एकेका भाषेचं सांगत बसला,
मयताला जमलेली माणसं सांगतात तसं, कोण कसा गेला.
एक भाषा नुसताच रिकामा हात पुढे करते,
तो रिकामा आहे हे बघणं तुझ्यावर.
एक जागच्या जागी देह ठेवते. चर्चा नाही.
एक आधी केरसुणी घेते,
झाडते, पुन्हा झाडते,
शेवटी झाडण्याखेरीज काहीच करत नाही
आणि केर तेवढाच.
(हिच्याबद्दल तो जरा हळू बोलला.
त्याची चौदा वर्षं तिच्यावर गेलीत.)

आणि खाली कर्नल. तो तर सगळ्यांना हो म्हणतो.
नसलेली जागा वाटतो,
मागतात तेवढी कुणी वापरत नाही या भरवशावर.
खरंच सगळे एकदम आले
की बहुतेक वेळा सर्वात जाडा बघून त्यालाच उचलतो.
मला माझं या महिन्याचं कॅलेंडर आठवलं.
मी बोलले नाही.

झोप मात्र दुसऱ्याच गोष्टीनं उडाली.
काही रनटाइम म्हणे जन्मताच,
सगळं अजून रिकामं असताना,
'मेमरी संपली' ही हाक आधी घडवून ठेवतात.
तयार. बाजूला.
बहुतेकांची ती न मारताच राहते.

चवथ आटोपल्यावर धक्क्यावर गेले.
फेरीबोट खच्चून भरलेली,
उजव्या कोपऱ्यात स्ट्रेचरएवढा पत्रा मोकळा.
खुशालीनं साखळी अडकवली, म्हणाला, जागो ना.
पिकअपवाल्यानं बोट दाखवलं: तो काय मग?
तो जागो न्हय, खुशाली म्हणाला,
आणि पान थुंकायला कठड्याकडे गेला.

त्या दुपारी मी प्रोग्रामच्या अगदी पहिल्या ओळीत
चौसष्ट किलोबाइट मागून घेतले
आणि त्यात काहीही ठेवलं नाही.
तपासणाऱ्या पोरानं शेरा मारला: वापर दिसत नाही, काढावं का?
मी लिहिलं, नको.
त्यानं कारण विचारलं.
मी त्याला फेरीच्या वेळा पाठवल्या.

डिसेंबरात, फेस्ताच्या रात्री ते पुन्हा मेलं.
मरताना तो कोपरा सोडला, आणि तेवढ्यात लिहून गेलं:
मेमरी संपली. बोटीवर माणसं एकशे अकरा,
दुचाक्या सतरा. पुढचे हातानं मोजा.
खुशालीनं हातानं मोजले, बिडीच्या पाकिटावर,
माझ्या यंत्रापेक्षा लवकर.

गळती अजून सापडलेली नाही.
बेलार्मिन म्हणतो, सापडेल. गेलं वर्षभर म्हणतो.
अधूनमधून मी ती जुनी फाइल उघडते,
त्या 'प्रवा'पाशी थांबते.
बाई की बाप्या, कुणालाच आठवत नाही.
पोचलं असेल माणूस चोडणला.
केळही पोचली असेल,
उभीच्या उभी.