आधी शून्य

तुर्भ्याच्या एमआयडीसीत, गंजक्या कमानीवर
रंग उडालेली पाटी: धरमकाटा, साठ टन.
माझी ड्युटी सकाळी सहाची.
आल्या आल्या केबिन उघडत नाही,
आधी खराटा घेतो.
रात्रभरच्या गाड्यांनी सांडलेलं असतं काय काय:
खडी, लोखंडाचा कीस, एखादा तुटका बोल्ट,
कधी कोबीची पानं, मार्केटकडून वाट चुकलेली.
झाडतो. फटीतला चिखल गजानं उकरतो.
मग काचेतून आकडा बघतो.
वीस किलो.
कुणाचेच नसलेले वीस किलो.
पुन्हा खाली उतरतो.

शून्य आलं की खुर्चीवर टेकतो,
डोळे मिटून दोन वाक्यं बोलतो.
जास्त येत नाहीत मला.
शलोमीला येतात; तिच्या प्रार्थनेत
भाजी गार होते.

पाळक आढाव दर रविवारी
कोपरखैरण्याच्या शाळेच्या हॉलमध्ये सांगतात,
देवाला पहिला नंबर द्या.
मी मान हलवतो. पण नंबर म्हटलं की
मला रांग दिसते:
देव, मग हप्ता, मग तबिथाची फी, मग गॅस.
आणि महिनाअखेरीला रांगेत कोण कुणाला ढकलतं
ते मला माहीत आहे.
देव भांडत नाही. मागे सरकतो.

मी काट्यावरचा माणूस. मला वाटतं
तो पहिला नाहीच, पहिल्याच्या आधीचा.
एकच्या अलीकडे जे असतं, ते.
ते हललं की पुढचं सगळं खोटं,
आणि पावती मात्र छापून येते,
तारीख, वेळ, गाडी नंबर,
कशी सुबक.

छापलीय मी तशी. एकदा.
तबिथाच्या नर्सिंगच्या ॲडमिशनला
सहा हजार कमी पडत होते.
भंगाराची गाडी होती, चारशे किलो वाढवले.
चारशे किलो डोळ्यांना दिसत नाहीत.
गाडी तीच, ड्रायव्हर तोच, सहीही माझीच.
त्या रात्री ताटं वाढून शलोमी म्हणाली,
आज तुम्ही करा प्रार्थना.
मी म्हणालो, घसा बसलाय.

तीन आठवडे बसलेला होता.
चौथ्या आठवड्यात सांगितलं तिला.
ती उठली, पिठाच्या डब्यामागून पाकीट काढलं,
मोजलं. नऊशे कमी.
ते शेजारच्या मंजुळाकडून आणले,
म्हणाली, आधी हे देऊन या.
तळोज्याच्या फाउंड्रीत कुणाला कळेचना
ही रक्कम कुठल्या खात्यात घ्यायची.
मीही नीट सांगू शकलो नाही.

आज सोपान आला. शेठचा माणूस.
काचेच्या फटीतून पाकीट सरकवून म्हणाला,
ओहोळ, घरचंच समज.
बाहेर बारा चाकी, इंजिन चालू.
खिशात फोन थरथरत होता, तबिथाचाच असणार,
शेवटच्या वर्षाची फी, उद्याची तारीख.
मी म्हटलं, चहा घे.
ड्रायव्हरला हात केला, गाडी मागे घे,
आणि खराटा उचलला.
सोपान हसला: झाडलंयस की सकाळी!
झाडलंय, म्हटलं.
झाडण्यासारखं काहीच नव्हतं.
मी झाडत होतो.

एकोणीस टन सातशे चाळीस.
पावती फाडून दिली.
त्यानं पाकीट उचललं, चहा मात्र संपवून गेला.
उद्यापासून त्यांच्या गाड्या
रस्त्यापलीकडच्या काट्यावर जातील.
मालक विचारेल. काय सांगायचं, अजून ठरलेलं नाही.
फीचंही.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरनं ट्रेलर गेला की
रिकामा काटासुद्धा थरथरतो:
दहा, वीस, उणे दहा.
घाई असेल तर बटण आहे,
दाबलं की आकडा गप्प बसतो.
मी दाबत नाही.
तबिथाला फोन लावायचाय, मालकाला लावायचाय.
हात मांडीवर ठेवून
थांबलोय,
काटा आपणहून खाली येईपर्यंत.