सत्त्याण्णव पॉइंट चार

बाचीच्या नाक्यावर माझी ड्यूटी लागली
तेव्हा शाळेला कुलूप होतं, खडूचा हात रिकामा.
तालुक्यातून पत्र आलं, कन्नडमधून.
बसगौडा हवालदारानं वाचून सांगितलं,
गुरुजी, बंदूक तुमच्याकडं.

पांढरी, प्लास्टिकची, जत्रेतल्या खेळण्यासारखी.
पलीकडं शिनोळी, महाराष्ट्र. अलीकडं आम्ही.
मध्ये दोन बॅरल, एक आडवा बांबू
आणि बांबूवर बसून दोन्ही राज्यांत शेपूट हलवणारा
एक कोतवाल पक्षी.

पहिल्या दिवशी लोक डोळे मिटून घ्यायचे.
म्हातारे हात जोडायचे.
एका पोरानं विचारलं, ह्यात मनातलं कळतंय काय गुरुजी?
म्हटलं, नाही रे, नुसतं वरवरचं.

सकाळच्या गारठ्यात स्क्रीनवर 'लो' यायचं,
म्हणजे माणूस आहे, पण मोजण्याइतका नाही.
दुपारी उलटं.
फौंड्रीतून सुटलेला यल्लाप्पा कणबरकर
रोज एकशे एक.
आठ तास भट्टीसमोर उभं राहिलेलं कपाळ ते,
त्याला काय माहीत साथ कुठली आणि शिफ्ट कुठली.
त्याला फणसाखाली बसवायचं, ओला रुमाल द्यायचा.
"निवलो काय बघा की गुरुजी,"
दर पाच मिनिटांनी तो कपाळ घेऊन यायचा
चुलीवरून उतरवलेलं पातेलं आणावं तसा.

रजिस्टरात हेसरु, ऊरु, फोन नंबर, ताप.
कन्नडात लिहायचं, तसा हुकूम.
उभ्या जन्मात मी पोरांना काना-मात्रा शिकवली,
आता तुडये गोल झालं, कोवाड गोल झालं,
काजूच्या कारखान्यातल्या बायका एकेक करून गोल झाल्या.
चिकानं काळी पडलेली त्यांची बोटं
दोन्ही लिपींत काळीच.

त्या गुरुवारचं मात्र कुठंच लिहिलेलं नाही.
दुपारी दीडला बंदुकीची बॅटरी संपली.
दुकानं बंद. ऑफिसात फोन लावला,
"नाळे नोडोण," म्हणाले. उद्या बघू.
बसगौडा जेवायला गेलेला.
रांग वाढत होती, रांगेच्या डोक्यावर ऊन.
मी बंदूक उचलली. मेलेली.
धरली एकेकाच्या कपाळाशी,
मास्कच्या आत तोंडानंच टिक केलं
आणि लिहिलं, सत्त्याण्णव पॉइंट चार.
पुढं.
सत्त्याण्णव पॉइंट चार.
संशय नको म्हणून मध्येच कुणाला पॉइंट सहा.
साठाव्या माणसापर्यंत
अख्खा सीमाभाग ठणठणीत झाला होता.

एकसष्टावी द्रौपदा तुपारे.
डोक्यावर गाठोडं, त्यात लेकीच्या बाळंतपणाचा डिंक, सुकं खोबरं,
आणि छातीत घरघर.
की नुसती धाप?
"चालत आलोय गा मास्तर, गाडी कुठं हाय."
तिनं पदर मागं सारला, कपाळ पुढं केलं,
मधोमध हिरवं गोंदण.
हात लावून बघता आलं असतं,
आई बघायची तसं, पालथ्या पंज्यानं.
नियम सहा फुटांचा होता.
(नियमाचं नाव मी अजूनही घेतो, सोयीचं पडतं.)
टिक.
पॉइंट चार.
ती बांबूखालून वाकून गेली.
कुठल्या उंबऱ्यात शिरली, कुणाच्या श्वासाशेजारी निजली,
रजिस्टरात त्याला रकाना नव्हता.

बंदूक जमा केली, पोच घेतली.
शाळा उघडली. पोरं उंच झाली होती,
दोघातिघांच्या घरचे फोटो भिंतीवर गेले होते.
मी कुणाला विचारलं नाही, कुठल्या तारखेला.

यंदा शनिवारच्या बाजारात ती दिसली.
उकिडवी बसून करवंदं विकत होती.
शेजारी एक चारेक वर्षांचं पोर
द्रोणातली फळं मोजत होतं, पाचाच्या पुढं चुकत होतं.
तिनं मला ओळखलं नाही.
मी फक्त चष्मा सावरायला हात वर केला,
एवढंच,
आणि तिनं पदर मागं सारून
कपाळ पुढं केलं.

मग स्वतःशीच हसली.
"पावशेर देऊ?"