पंच क्रमांक दोन

शिक्के बनवतो मी. कोपरखैरणे, सेक्टर पंधरा,
जिन्याखालचा गाळा.
सर्वांत जास्त खप 'सत्यप्रत'चा,
त्याखालोखाल 'रद्द'.

शेजारी भूपतचं झेरॉक्स.
त्या दुपारी साध्या कपड्यांतले दोघे आले,
एक पुस्तक घेतलं, पावती मागितली,
मग ओळखपत्र दाखवलं.
मला म्हणाले, हसुराम, पंच म्हणून या जरा,
दहा मिनिटांचं काम आहे.

दहा मिनिटं साडेसातपर्यंत चालली.
माळ्यावरून गठ्ठे उतरले. हिशेबशास्त्राचं तेच जाड पुस्तक,
बाहेर चारशे सत्तर, इथे एकशे साठ,
स्पायरलसकट.
भूपत म्हणत राहिला, साहेब, पोरांकडे पैसे नसतात.
खोटं नव्हतं ते.
दुसरं मशीनही त्याने याच पोरांवर घेतलेलं.

खांबेटे बाई आल्या होत्या, लिहिणाऱ्या.
मला वाटलं, ओरडतील.
त्यांनी चष्मा वर सरकवून एक प्रत उघडली,
पान दोनशे अकरा, उदाहरण सातवं,
उत्तर अठ्ठेचाळीस हजार.
"चौऱ्याऐंशी हवं. पहिल्या आवृत्तीतली माझी चूक.
कळलं त्या रात्री झोपले नव्हते मी.
पुढच्या छपाईत सुधारली.
हा अजून तीच विकतोय."
साहेबांनी घाईने लिहून घेतलं :
चूकसुद्धा जशीच्या तशी.

कलम एक्कावन्न, कलम त्रेसष्ट.
सहा महिने ते तीन वर्षं,
दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत.
भूपतच्या बायकोने आकडा दोनदा विचारला,
वर्षांचा नाही, दंडाचा.

तीनशे बारा प्रती, दोन मशीनं, एक कटर.
एक्केचाळीस लेबलं, प्रत्येकावर माझी सही,
वर दोरा, वर लाख.
लाखेवरचं सीलही माझ्याच हातचं,
पोलीस ठाण्याला मार्चमध्ये करून दिलेलं. उधारीवर.

चार वर्षांनी बेलापूर कोर्टात बोलावणं आलं.
बाईंच्या जागी त्यांचा पुतण्या बसला होता.
आरोपीच्या वकिलाने दोन लेबलं समोर धरली.
"या सह्या एकाच माणसाच्या?
हा 'ह' बघा. आणि हा 'ह' बघा."

बघितले. पहिला गोल, चहा प्यायलेला.
एक्केचाळिसावा उपाशी.
म्हटलं, साहेब, दोन्ही माझेच.
हुबेहूब हव्या होत्या
तर भूपतच्या मशीनला पंच करायचं.

न्यायाधीश हसले नाहीत. तारीख दिली.
जबाबाची नक्कल पाहिजे तर खिडकी तीन,
अर्ज करा, पैसे भरा.

भरले. नक्कल मिळाली, शिक्क्यासकट.
उजेडात धरून पाहिली.
शिक्का माझा नव्हता,
'प्र'चा पाय तुटलेला.