घर पाहावं ओढून

बाउदिलिया चिग्वायनं जमीन विकली नाही,
मुलांनी विकली.
सह्या झाल्या त्या दिवशी ती एवढंच म्हणाली,
जमीन तुमच्या बापाची होती, घर माझं आहे.
ते मी घेऊन जाते.

चिलोएच्या बेटांवर हा त्रागा नसतो.
घर लाकडाचं, अंगभर माशाच्या खवल्यांसारख्या फळ्या,
खाली पाया नाही, नुसते ठोकळे.
न्यायचं तर बैल लागतात, दोर लागतात
आणि भरतीची वेळ माहीत असलेला एक म्हातारा.

मंगळवारी आम्ही खिडक्यांच्या काचा उतरवल्या.
चूल बाहेर काढली,
तिच्यातली राख तिनं डब्यात भरून घेतली.
घरानं वाटेत अंग टाकू नये म्हणून
आतून तिरक्या तुळया ठोकल्या.
एलेउतेरियोनं आठ जोड्या जुंपल्या.
माझा तांबडा पहिल्यांदाच घर ओढणार होता,
सारखा मागे वळून बघायचा,
एवढं मोठं काय आपल्या मागं लागलंय.

आरोळी उठली आणि घर कण्हलं.
पन्नास वर्षं एका जागी बसलेल्या बाईचे
गुडघे वाजावेत तसं.
मग हललं.

किनारा गाठेस्तोवर दुपार कलली.
पिंपं बांधली, भरती चढली,
पाणी उंबऱ्याशी पाहुण्यासारखं थांबलं नाही,
सरळ आत शिरलं.
पुढे दोन होड्या, मागे घर,
घराच्या खिडकीत बाउदिलिया.
आत बसू नकोस म्हणून सगळ्यांनी बजावलं होतं.
ती काच नसलेल्या खिडकीचा
पडदा सारखा करत होती.

पलीकडे, बहिणीच्या बटाट्याच्या शेतात
घर लागलं तेव्हा अंधारून आलं होतं.
मजुरी कुणी घेतली नाही.
खड्ड्यातल्या तापल्या दगडांवर
शिंपले, डुकराचं मांस, बटाट्याच्या भाकऱ्या.
आमचा एकेक दिवस तिच्याकडे उधार आहे.
धाकट्या मुलानं दोर धरला होता,
हाताची सालं निघाली.
थोरला जेवला आणि गेला.

दार पूर्वी पूर्वेला होतं, आता उत्तरेला.
सकाळी ती चहा घेऊन दारात बसते म्हणे
आणि ऊन येतं मोरीत.

इकडे जुन्या जागी गवतात एक फिकट चौकोन.
कंपनीनं अजून कुंपण घातलेलं नाही.
चर्चला जाताना सरळ त्यातून गेलं
तर वाट निम्मी होईल.
आम्ही अजून वळसा घालतो.
बैलसुद्धा.