दोन नळ्या

देवगडच्या सरकारी दवाखान्यात मागच्या अंगाला
माझी लॅब. खिडकीतून जेटी अर्धी दिसते,
उरलेली अर्धी वासावरून कळते.

यंत्राचा एक हट्ट आहे.
रक्त फिरवायचं तर समोरासमोर
सारख्या वजनाच्या दोन नळ्या हव्यात,
नाहीतर ते टेबलासकट थरथरतं,
एकदा तर चालत दारापर्यंत गेलं होतं.

त्या सोमवारी लवूच्या समोर शेवंती बसली.
कोयंड्यांची जुळी. आईने लव-कुश ठरवून ठेवलेले,
कुशाच्या जागी मुलगी आली.
अडतीस वर्षं झाली त्याला.
एकाच बारशाला गेली, एकाच दिवशी तापली.
चौथ्या दिवशी ती पाटी घेऊन लिलावात उभी,
आणि तो ओरोसला, तोंडावर ऑक्सिजन,
छातीच्या फोटोत धुकं.

"ताप माका पण इललो गो.
माका सोडल्यान, तेका धरल्यान. असा कसा?"

मी सांगायला गेले.
बाईच्या रक्तात एक रस असतो, इस्ट्रोजेन,
तो पांढऱ्या पेशींना चटकन उठवतो,
विषाणू अजून पडवीत असतानाच
घरभर दिवे लागतात.
पुरुषाचा रस, टेस्टोस्टेरॉन,
कूस बदलतो. म्हणतो, निजा रे,
कुत्रं असेल.

शेवंती हसली. "ह्या तर लवूचाच बोलणा."

आणि मला माझंच बोलणं खटकलं.
लवू पाच दिवस उशिरा आला होता,
पायरीवर बिडी विझवून.
बोट उभी राहिली तर हप्ता कोण भरणार, म्हणत होता.
ह्यात रसाचं किती, बिडीचं किती,
बाप्याने तापाला भ्यायचं नसतं त्याचं किती,
हे वेगळं काढणारं यंत्र
आमच्या तालुक्याला अजून मंजूर नाही.
शिवाय दिवे फार लागले
तर कधी कधी घरच पेटतं. तेही बघितलंय.

आणि झुलेखा सोलकर?
तिला ह्या गोष्टीत कुठे बसवू?
आठवा महिना. विहिरीत गटार उतरलेलं.
नवऱ्याने तेच पाणी प्यायलं,
आठ दिवस डोळे पिवळे, नवव्या दिवशी बोटीवर.
हिचं यकृत कोल्हापूर गाठेपर्यंत थांबलं नाही.
पोटातलं पोर अर्धं परकं,
त्याला कुणी हुसकू नये म्हणून
अंग आपल्याच शिपायांना दटावून ठेवतं, म्हणतात.
त्याच शांततेतून कावीळ आत गेली असेल.
डॉक्टरही "बहुधा" म्हणाले
आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
रस बाईचाच होता. नेहमीपेक्षा कितीतरी पट.
त्या रात्री तिच्या एकट्या नळीसमोर
मी पाण्याची नळी ठेवली होती, तोलाला.

हे शेवंतीला सांगितलं नाही.
लवूच्या बायकोला सातवा लागलाय.
एवढंच म्हटलं, पाणी उकळून पी म्हणावं तिला,
खळखळून, नुसतं कोमट नको.

लवू परत आलाय. जेटीवर जाळं विणतो,
आठ-दहा गाठी झाल्या की सुई मांडीवर ठेवतो
आणि समुद्राकडे बघितल्यासारखं करतो.
त्याला वाटतं, दम खाल्लेला कुणाला कळत नाही.

मला एकोणपन्नास चालू. सात महिने पाळी नाही.
पंख्याखाली बसून मानेवरून घाम ओघळतो,
पदर ओला, आणि शिपाई विचारतो, बाई, ताप काय?
ताप नाही रे. पडवीतला पहारा उठत असेल.
आज दंडाला पट्टा बांधून स्वतःचंच रक्त काढलं,
चिठ्ठीवर नाव, वय.
लिंगाच्या रकान्यात "स्त्री" लिहिताना
पहिल्यांदाच पेन अडलं. शाईच संपली होती.

समोर ठेवायला नळी नव्हती.
पाणी भरलं, बूच लावलं,
तेवढ्यात खिडकीत शेवंती आली,
डोक्यावर पाटी. अर्धी दिसली,
उरलेली बांगड्यांच्या वासावरून कळली.