साडेचार मिलिमीटर

पल्लवी उईकेनं वेंगुर्ल्याहून वाळू आणली
दंतमंजनाच्या डबीत.
सहलीतल्या बाकीच्या पोट्ट्यांनी काजू आणले.
"मॅडम, यात काही तरी आहे," ती म्हणाली,
"जिवंत नाही, पण आहे."

मे महिना. पारा सेहेचाळीस.
प्रयोगशाळेतला कूलर ढेकर देत पाणी ओढतो,
ओल्या गवताचा वास,
आणि समुद्र म्हणजे नागपुरातून कुठंही निघा,
एक रात्र गाडीत काढल्याशिवाय येत नाही.

ब्रशचं टोक जिभेला लावलं
(असं करू नये, मुलांना मीच सांगते)
आणि वाळूतून तिला उचललं.
तांदळाच्या कणीएवढी. तपकिरी.
एका झोतात अजनी स्टेशनपर्यंत गेली असती,
म्हणून कूलर बंद केला.

शिखर वर, तोंड आपल्याकडे. असं धरायचं असतं.
तोंड उजवीकडे असेल तर किल्लीचं पान चार,
डावीकडे असेल तर एकोणीस.
हिचं डावीकडे.
इतवारीत पूजेच्या दुकानात
असल्याच वळणाच्या शंखाला उजवा म्हणतात,
काचेत ठेवतात, भाव कानात सांगतात.
दुकानदार शिखर खाली करून धरतो, एवढंच.
कोण डावं, कोण उजवं
ते धरणाऱ्याच्या हातात.

पुढे. वेढे मोजले: अकरा.
वेढ्यावर मण्यांच्या ओळी: तीन,
त्यातली मधली उशिरा सुरू झालेली,
वरच्या वेढ्यांवर तिचा पत्ताच नाही.
ओठाशी आखूड नळी, जराशी वाकडी.
हो. हो. हो.
किल्ली प्रत्येक 'हो'ला एक दार उघडते
आणि मागचं लावून घेते.

ही रीत मला ठाऊक आहे.
त्रिमूर्तीनगरात खोली बघायला गेले होते.
काकू हसऱ्या, पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं.
नाव? उत्पला.
वा, छान. आणि आडनाव?
मी पुन्हा उत्पलाच म्हटलं.
बरं, आता कुठं राहता? इंदोऱ्यात.
घरी मोठा सण कोणता असतो तुमच्याकडे?
चार प्रश्नांत पान सापडलं त्यांना.
खोली कालच गेली, म्हणाल्या.
पाणी मात्र संपवू दिलं.

भिंग वाढवलं.
शेवटचा प्रश्न शिखराचा.
शंखाच्या अगदी टोकाला तिचं जन्माचं घर असतं,
अंड्यातून निघाली तेव्हाचं.
ते ती टाकत नाही,
त्यालाच जोडून वेढ्याखाली वेढा बांधत राहते.
जात तिथं कळते.
टोक तुटलेलं.
लाटेनं, की गाडीच्या धक्क्यांनी
डबीच्या झाकणाशी आपटून, कोण जाणे.

चिठ्ठीवर रकाने छापलेले आहेत.
ठिकाण: वेंगुर्ला.
कोणी वेचलं: पल्लवी उईके.
कुळ लिहिलं, तिथवर खात्री होती.
पुढचा रकाना: जात.
सर म्हणतात तिथं 'प्रजाती' हवं,
जुन्या चिठ्ठ्या संपल्या की बदलू.
तीन गठ्ठे आहेत अजून.

"मॅडम, म्हणजे हिची जात कळणारच नाही?"
"नाही."
"काहूनच नाही?"
"जन्माचा तुकडा हरवला तिचा."
पल्लवी माझ्याकडे बघते,
मग चिठ्ठीकडे, मग परत माझ्याकडे,
आणि एकदम हसत सुटते.
मला थोडा वेळ लागतो.

रकाना कोरा ठेवला.
खाली 'कोणी ओळखलं' तिथं माझं नाव,
आडनावासकट, चिठ्ठीत मावेल त्याहून
जरा मोठ्या अक्षरात.
घामानं शाई पसरली.
पल्लवीनं उठून कूलर लावला,
मी ओरडले,
आणि दोघी फरशीवर गुडघे टेकून
शोधत बसलो.