बारावी पुंगळी

रात्री दहाला साखर पेठेतले माग थांबायचे.
कानात मात्र धोटा फिरत राहायचा.
तेव्हा नायना कंदिलाची वात वाढवून
मोहोळकर वकिलांचं काम काढायचा.

खोली एकच.
भिंतीशी अम्मा कांड्या भरायची,
खिडकीशी नायना काडतुसं.
रिकामं यायचं, भरून जायचं, परत रिकामं यायचं.
एकदाच अम्मा म्हणाली होती,
"माझ्या कांडीची चादर होते. तुमच्या कांडीचं काय होतं?"
नायनानं सोनाराच्या काट्यावरची नजर काढली नाही.
दारू तोलताना तो श्वाससुद्धा
उसना आणल्यासारखा जपून घ्यायचा.

वकिलांची रायफल ऑटो.
साध्या रायफलीचं बरं, खटका ओढावा
आणि रिकामं सावकाश हातात घ्यावं.
ही स्वतःच थुंकते,
उजवीकडे, दहा-बारा पावलांवर,
आणि तोवर दुसरी आत बसलेली असते.
थुंकताना पुंगळीच्या ओठाला पोचा पाडते.
तो काढायचा, फुगलेलं अंग दाबून बारीक करायचं,
टोपी बुडाच्या आत बसवायची, केसभरही वर नाही.
"वर राहिली तर ती न विचारता बोलते,"
म्हणत नायना माझं बोट धरून
एकेका बुडावरून फिरवायचा.

बुडाशी कानशीचे ओरखडे,
कितव्यांदा भरली त्याचा हिशेब.
पाच झाले की तो ती उजेडाला धरायचा.
अंगावर चकाकती रेघ दिसली की मोडीत.
पितळ दमतं, म्हणायचा.
स्वतःच्या गुडघ्याबद्दल कधी म्हणाला नाही.

वेचायला मी.
भादव्यात नान्नजच्या माळावर
कुसळी गवत माझ्या कमरेला लागायचं.
वकील काळवीट बघायचे,
मी वकिलांचा उजवा खांदा.
त्या दिवशी बारा बार झाले. काळवीट गेलं ते गेलंच.
वकील जीपला टेकून विडी ओढत राहिले,
मी अकरा वेचल्या, चड्डीच्या खिशात, मांडीला चटके.

बारावी उघड्या मुरमावर पडली होती.
तिच्या शेजारी, वीतभरही नाही,
एक अंडं. मातकट, ठिपक्यांचं, एकटंच.
ना काडी, ना पीस, घरटं म्हणावं असं काही नाही.
वीस पावलांवर माळढोकाची मादी उभी होती.
मान उंच. उडाली नाही.
बारा बार ऐकूनही उडाली नव्हती.
मी हात पुढे केला, आणि मागे घेतला.

"अकरा," घरी सांगितलं.
नायनानं वहीत अकरा लिहिलं,
ठोकळ्यातलं बारावं भोक अंगठ्यानं चाचपलं.
"कुठं शोधलं नाहीस?"
मी सांगायला नको होतं. सांगितलं,
बाभळीच्या खालच्या अंगाला, मुरमावर.
अंड्याचं काही बोललो नाही.

रविवारी तो सायकल घेऊन गेला.
दिवेलागणीला परतला. सदऱ्याला कुसळं,
मागचं चाक हवा गेलेलं.
खिशातून काढून पुंगळी पाटावर ठेवली.
"दुसरं काही होतं का तिथं?"
"काय असणार? माळ आहे."
आणि पंक्चरच्या डबीतलं सोल्युशन सुकलंय
म्हणून अम्मावर उगाचच चिडला.

पुसायचं काम माझंच.
काडीला चिंधी गुंडाळून आत फिरवली,
तर चिंधीला पांढरं काही लागून आलं.
नखाएवढं. त्याहूनही कमी.
चुनखडी असेल.
नान्नजची माती तशीच आहे,
नांगरली तरी पांढरी निघते.
मी चिंधी उजेडाला धरून बसलो होतो.
अम्माची कांडी थांबली होती.
"नीट पूस रे पोशा," नायना पाठमोराच म्हणाला,
"आत काही राहिलं तर अडकते ती."